कात्रीमामांचे दुकान कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही

मी खाली सही करणारा, वय वर्षे एकसष्ट, धंदा केशकर्तन, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. काल दिवसभर दाढ्या केल्या आहेत आणि कोणाला कापलेले नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. राग आहे, तो माझा स्वतःचा आहे. वकीलबाई म्हणाल्या, "मामा, मृत्युपत्रात राग लिहीत नाहीत." मी म्हणालो, "मग कोणाला का दिलं आणि कोणाला का नाही, हे कोर्टाला कळणार कसं?" त्या म्हणाल्या, "लिहा."

प्रथम प्रकृतीविषयी. माझ्या रक्तात एचआयव्ही आहे. रोज गोळी घेतो. तपासणीत सापडेल इतकाही विषाणू आता उरलेला नाही आणि तो असा दबलेला असेपर्यंत शरीरसंबंधातून माझ्याकडून कोणाला लागण होत नाही. हे मी खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला समजावले आहे. इथे पुन्हा लिहितो, कारण हे माझा थोरला भाऊ वाचणार आहे. मी जाईन तो हृदयाच्या दुखण्याने, आमच्या वडिलांसारखा. भावाने गावभर वेगळे काही सांगू नये.

दुकान आणि वरच्या खोल्या माझ्या स्वकष्टाच्या आहेत. वडिलोपार्जित असे माझ्याकडे फक्त नाक आहे.

आता माझ्या माणसाविषयी. तो वायरमन होता. आरशावरचा दिवा सारखा जायचा, तो दुरुस्त करायला आला आणि राहिला. लोक त्याला माझा भाडेकरू म्हणत. त्याच्याही रक्तात तेच होते, त्याच्याही गोळ्या चालू होत्या आणि तो ठणठणीत होता. शिडीवरून पडून त्याचा पाय मोडला. आमचा जिना अरुंद, म्हणून त्याची बहीण त्याला तिच्या घरी घेऊन गेली. मीच त्याची पिशवी भरून दिली. तिच्यात गोळ्यांचा डबा होता.

त्या बाईने तो डबा मोरीत रिकामा केला, हे मला मागाहून कळले. का, तर पाहुण्यांनी डब्यावरचे नाव वाचले असते. तो गोळ्या मागायचा, ती म्हणायची, "संपल्यात, आणते." त्याचा फोनही काढून घेतला. मी दारात जायचो. मेहुणा दाराची साखळी न काढताच सांगायचा, "झोपलाय." एकदा आतून त्याच्या खोकण्याचा आवाज आला. मी म्हणालो, "जागा आहे तो." मेहुणा म्हणाला, "तुमचं काय नातं, की आम्ही दार उघडावं?"

महिने गेले. छाती पार कफाने भरली तेव्हा त्यांनी त्याला दवाखान्यात टाकले आणि तेव्हा कुठे मला तो दिसला. पलंगाला लाल कागद लावला होता आणि त्यावर, कोणालाही वाचता येईल अशा अक्षरांत, आजाराचे नाव होते. वॉर्डातला माणूस जेवणाची थाळी पायाने पुढे सरकवत होता. माझा माणूस म्हणाला, "गोळ्या बंद पडल्या रे. मी मागत होतो." त्यानेच गोळ्या टाळल्या असे मला वाटेल, ही त्याला काळजी होती. दोन दिवसांनी तो गेला. बहिणीने सगळ्यांना सांगितले, पायाचे निमित्त झाले. स्मशानात मला फाटकाशी उभे केले, ओळखीचा दुकानदार म्हणून.

तो वाचला असता. औषध होते, त्याच्या पिशवीत होते, मी स्वतः ठेवले होते.

म्हणून पुढच्याच आठवड्यात आम्ही त्या दवाखान्यात गेलो. मी, अक्का आणि आमच्यातले आणखी काही जण. अक्का म्हणजे जिला तिच्या घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवले आणि मुलगी म्हणून हाकलले, ती. कोणी काम देईना म्हणून माझ्याकडे आली आणि आता माझ्यापेक्षा चांगले केस कापते. आम्ही मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी जमिनीवर बसलो. ते म्हणाले, "लाल कागद कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी आहे." अक्का म्हणाली, "मग हातमोजे सगळ्यांसाठी घाला, डॉक्टर. ज्याला आपला आजार माहीतच नाही, त्याच्या पलंगाला कुठला कागद लावणार?" आम्हाला बाहेर काढले. आम्ही परत आलो. वर्तमानपत्राचा माणूस आला तेव्हा कुठे कागद निघाले. दवाखान्याने माफी अजून मागितलेली नाही.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दुकानात आमची माणसे जमतात. आळीपाळीने दाढीच्या खुर्चीत बसून सगळ्यांसमोर निरोध कसा वापरायचा ते शिकतात, आणि आडोशाला जाऊन बोटातले रक्त तपासून घेतात. एक निवृत्त परिचारिकाबाई तपासणी करतात. ज्यांच्या रक्तात लागण निघते त्यांच्याबरोबर आमच्यातले कोणीतरी औषध घ्यायला जाते. ज्यांच्या निघत नाही त्यांना, लागण होऊच नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचे सांगतो. माझ्या भावाने नाक्यावर सांगितले, "त्याच्याकडे दाढी करू नका, पातं लागेल." मी प्रत्येक दाढीला नवे पाते काढतो, गिऱ्हाइकासमोर कागद फाडतो. हे त्याला माहीत आहे, त्याची दाढी मी अठरा वर्षे केली आहे. तरी सांगितले. निम्मी गिऱ्हाइके गेली.

तेव्हा माझी व्यवस्था अशी:

दुकान, वरच्या खोल्या, आरसे आणि खुर्च्या अक्काला. कागदोपत्री तिचे जे दुसरे नाव आहे ते वकीलबाईंनी जोडपत्रात घातले आहे. मी ते इथे लिहिणार नाही. धंदा तिने करावा. सुट्टीच्या दिवशीची तपासणी बंद करू नये. बाहेरच्या पाटीवर "एचआयव्ही तपासणी" हे शब्द रस्त्यापलीकडून दिसतील असे ठेवावेत. एका साहेबांनी मदत देऊ केली होती, पाटीवर फक्त "आरोग्य मार्गदर्शन" लिहायचे या अटीवर. त्यांना चहा पाजून परत पाठवले. पुन्हा कोणी तसेच साहेब आले तर चहासुद्धा देऊ नये.

बँकेतली शिल्लक परिचारिकाबाईंच्या ताब्यात. त्याच या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक. जे औषध आणायला जायला घाबरतात त्यांच्या रिक्षाभाड्यावर ती खर्च करावी.

माझ्या माणसाच्या बहिणीला त्याचा हसतानाचा मोठा फोटो. ती एकदा मागायला आली होती. तेव्हा दिला नाही. आता देतो, पण बाहेरच्या खोलीत लावायचा आणि कोणी विचारले तर तो कशाने गेला हे खरे सांगायचे. जमत नसेल तर फोटो अक्काकडे राहील. मी तिला क्षमा केलेली नाही. फोटोचा अर्थ तसा कोणी काढू नये.

थोरल्या भावाला आणि त्याच्या मुलांना काही नाही. ही विसरून राहिलेली गोष्ट नाही.

माझे प्रेत अक्काच्या ताब्यात द्यावे. भावाला यायचे असेल तर यावे. त्याने फाटकाशी उभे राहावे, तिथून सगळे दिसते, मला माहीत आहे. "अल्पशा आजाराने" असे कोणी छापू नये.

भाऊ या मृत्युपत्राला हरकत घेईल. खुशाल घ्यावी. न्यायाधीश त्याला विचारतील, सख्ख्या भावाला काहीच का नाही. त्याला उभे राहून उत्तर द्यावे लागेल, आणि माझ्या आजाराचे जे नाव त्याने आजवर माझ्या पाठीमागेच उच्चारले ते तिथे सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणावा लागेल.

हे वाचून, समजून सही केली.

ठिकाण: दुकानातच, दार उघडे ठेवून
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, साप्ताहिक सुट्टी
(सही) कात्रीमामा

साक्षीदार:
१. परिचारिकाबाई, निवृत्त. आमच्यासमोर सही झाली. लिहिणारे पूर्ण शुद्धीवर होते. (सही)
२. शेजारचा कुलूपवाला. वरीलप्रमाणेच. ते रागावलेले होते आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराने एवढे लिहायचे नसते. मी लिहिले आहे. (सही)