आमच्यात खिडकी उघडतात

आई, नागपूरला माझे बाबा वारल्याचं कळलं त्या सकाळी तुम्ही आमच्या ईडन प्रेरीच्या घरी आलात. भावानं मला कळवलं तेव्हा तिकडचं सगळं आटोपलेलं होतं, त्यामुळे निघण्यात अर्थ नव्हता. तुम्ही कोटही न काढता स्वयंपाकघरात गेलात आणि सिंकवरची खिडकी उघडलीत. बाहेर बर्फ पडत होता. मी म्हटलं, "आई, हीटिंग चालू आहे." तुम्ही म्हणालात, "असू दे. आमच्यात माणूस गेलं की खिडकी उघडतात. त्याला बाहेर पडायला वाट लागते." मी म्हटलं, बाबा तर या घरात कधी आलेच नाहीत. ते का येत नाहीत, असं तुम्ही दर उन्हाळ्यात विचारायचात आणि व्हिसा मिळत नाही, असं मी सांगायचे. तुम्ही खिडकी अजून थोडी उघडलीत. म्हणालात, "मग येऊ दे आता."

आमच्यात म्हणजे कुणाच्यात, हे मी पुढे कधीतरी सहज विचारलं. तुम्हाला सांगता येईना. तुमची आई करायची, एवढंच माहीत. तुमच्या लुथरन चर्चमधल्या बायकांनी असलं काही ऐकलेलं नव्हतं, पास्टरही नुसते हसले. मग तुमच्या मुलानं, माझ्या नवऱ्यानं, तुमची लाळ डीएनए तपासणीला पाठवली. निकाल आल्यावर तो जेवताना म्हणाला, "मॉम, मशीन म्हणतंय तू पाव भाग आयरिश आहेस." तुम्ही बटाटे वाढत म्हणालात, "मशीनला सांग, मी पूर्ण लुथरन आहे." सगळे हसले. नंतर आपण दोघी ताटं पुसतो आहोत. तुम्ही हळू आवाजात बोलता. आईच्या आईची तुम्हाला एकच आठवण आहे. ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची, कोट न काढता, पाहुण्यासारखी. "ती कुणाची होती, एवढं मरायच्या आधी कळायला हवं," तुम्ही म्हणता. मला का सांगता, असं मी विचारत नाही. तरी तुम्ही म्हणता, "तूही दुसऱ्यांच्या घरात आलीस."

तुम्हाला ते कळलं नाही. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. या शरद ऋतूत तुमच्या मुलाला तुमची एक लांबची बहीण सापडली, दक्षिणेला, मक्याच्या शेतांमधल्या एका लहान गावात. फार म्हातारी आहे, अजून दर रविवारी कॅथलिक चर्चमध्ये जाते. तिनं चहा केला आणि सांगितलं. तुमची आजी आयर्लंडहून आई आणि भावांबरोबर आली. लग्नासाठी कॅथलिक पंथ सोडून लुथरन झाली. भावांनी तिला घराचं दार बंद केलं. तिची आई आजारी पडली तरी तिला आत घेतलं नाही. ती अंगणात उभी राहायची, आईच्या खोलीसमोर, थंडीत. एका दुपारी आतून कुणीतरी खिडकी उघडली. तेव्हा तिला कळलं. एवढं सांगून म्हातारीनं तुमच्या मुलाला विचारलं, "साखर किती घालू?"

तुमच्या हॉस्पिटलच्या खोलीची खिडकी उघडणारी नव्हती. नुसती काच. तुम्ही गेलात तेव्हा मी दार उघडं ठेवलं. नर्सनं येऊन लावलं. मी पुन्हा उघडलं. ती म्हणाली, "काही हवंय का?" मी नाही म्हटलं.

हे मराठीत लिहिते आहे. तुम्हाला एक अक्षरही वाचता आलं नसतं, म्हणून लिहिता येतंय. तुमच्या मुलाशी लग्न केल्यापासून बाबांनी माझा फोन घेतला नाही. व्हिसासाठी त्यांनी कधी अर्जच केला नव्हता.