कासारणीच्या पोराची दलाली

माय, आज सकाळी एक जोडपं प्लॉट पाहायला आलं होतं. नवरा आत येऊन खुर्चीवर बसला आणि बायको बाहेर उन्हात मोटरसायकलपाशी डोक्यावर पदर घेऊन उभी. मी त्याला पाणी दिलं, नकाशा पुढ्यात उलगडला आणि सवयीने म्हणालो, बाईंनाही आत बोलवा. तो म्हणाला, तिले काय समजते त्यातलं. हेच शब्द चाळीसेक वर्षांपूर्वी मी तुला ऐकवले होते, आपल्या स्वयंपाकघरात, तू चुलीपुढे बसलेली असताना. मी उठून त्या मुलीला आत घेऊन आलो. तिने नकाशा स्वतःकडे ओढून पाहिला, मग हळूच विचारलं की तिकडे नळ किती दिवसांनी येतो. नवऱ्याला हा प्रश्न सुचला नव्हता. ते दोघं गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं आणि हा कागद समोर घेतला. तुला वाचता येत नव्हतं, ते ठाऊक आहे मला. तरी लिहितो.

तू डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन फिरायचीस, त्याची मला लाज वाटायची. बाप गेल्यानंतर मलकापुरातल्या गल्ल्या तू पायांनी पाठ केल्या होत्यास आणि आठवड्यातून एकदा रोहिणखेडचीही फेरी असायची. बाई समोर बसली की तू तिचा हात हातात घ्यायचीस, बोटं जुळवून दाबून पाहायचीस आणि मग तिच्या मापाची बांगडी काढायचीस. तेवढ्या वेळात ती बाई तिच्या घरात कुणाला सांगणार नाही ते तुला सांगून मोकळी व्हायची. मी मॅट्रिकला नापास झालो आणि कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या एका अर्जनवीसाच्या हाताखाली लागलो. तिथे सातबारा वाचायला शिकलो, चतुःसीमा लिहायला शिकलो. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मास्तर, तलाठी, कापसाच्या जिनातले मुनीम गावात नव्याने येत होते, सगळ्यांना घर हवं होतं. मी हळूहळू घरं दाखवायला लागलो, मग विकून द्यायला लागलो. लोक मला दलाल म्हणायचे तेव्हा तोंड जरा वाकडं करून म्हणायचे. तू जेवायला वाढताना सांगायचीस, अमक्या गल्लीतलं घर दिवाळीनंतर रिकामं होणार, तमकीचा मुलगा अकोल्याला बदलून जाणार. तुझी खबर कधी खोटी निघाली नाही. आणि मी चारचौघांत ती माझ्या हुशारीने मिळवल्यासारखी सांगायचो.

मग ते बाजार-गल्लीतलं घर आलं. समोर ओटा, मधे चौक, मागे दोन धाब्याच्या खोल्या, विहीर आणि परसातलं मोकळं वाडगं. दोन भावांचं घर. धाकटा वारला होता आणि त्याची बायको दोन मुलींना घेऊन मागच्या खोल्यांत राहायची. थोरला सगळंच विकायला निघाला होता. गिऱ्हाईक म्हणजे गावातला बडा कापूस व्यापारी. एवढा मोठा सौदा माझ्या हाती पहिल्यांदाच येत होता. थोरल्याने सांगितलं, भावजय राजी आहे, अंगठा द्यायला येईल. मी कागद तयार करून घेतला. त्या बाईचा विचार माझ्या मनात आला तो फक्त अंगठा म्हणून.

तुझं त्या घरी तसं काम उरलं नव्हतं. विधवेच्या हातात बांगडी भरायची नसते, म्हणून बाकीच्या कासारणींनी ते मागचं दार सोडलं होतं. तू मात्र मुलींच्या बांगड्यांचं निमित्त काढून जायचीस आणि तिच्याजवळ बसून यायचीस. रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी दुपारी मी जेवायला आलो. तू भाकरी थापते आहेस, कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर डोळ्यांत जातो आहे, आणि मान वर न करता तू मला विचारतेस.

"तिच्या दोन खोल्याई यात जाऊन राह्यल्या, हे तिले कोणी सांगतलं काय?"

मी म्हणालो, तिचा भासरा, तो थोरलाच, सांगते म्हणे, घरचा मामला आहे, आपण कशाला मधे पडायचं.

"भासऱ्यानं तिले रेशनच्या कागदाचं सांगतलं. रेशनसाठी अंगठा पाह्यजे म्हणे. तू बोलला काय तिच्यासंगं?"

मी बोललो नव्हतो. आणि बोललो नव्हतो म्हणूनच मला राग आला. "तुले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो. "तू बांगड्या भराव्या आन् घरी यावं."

तू भाकरी तव्यावर टाकलीस, तिला पाणी फिरवलंस, उलटलीस. मला वाटलं विषय संपला. मग अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "मी हात धरल्याबिगर बांगडी भरत नाई, बाबू. माप चुकलं तं काच त्या बाईले रुतते, मले नाई. तू तं तिचं तोंडई नाई पाह्यलं अजून." एवढं बोलून तू माझ्या ताटात भाकरी वाढलीस. मी अर्ध्यावर उठलो.

दुसऱ्या दिवशी गावातल्या लोकांनी जे पाहिलं त्याची गोष्ट अजूनही कुणी कुणी सांगतं, आणि त्या गोष्टीत मी मोठा धाडसी असतो. तुला खरं माहीत आहे. मी गप्प राहायचं ठरवून घरून निघालो होतो. रजिस्ट्री कचेरीच्या व्हरांड्यात थोरला होता, व्यापारी होता, लिहिणारा होता, आणि खांबाला टेकून ती बाई उभी होती, लुगड्याच्या पदरात दोन्ही हात गुंडाळून. तिच्या अंगठ्याला शाई लावून झाली होती. तेवढ्यात तिने मलाच विचारलं, "भाऊ, पुढचंच घर जाते ना? हीर आन् माह्या खोल्या तं राह्यतेत ना?" रेशनची थाप तोवर बदलली होती; कचेरीच्या वाटेवर तिला पुढचं घर एवढंच सांगितलं होतं. मी थोरल्याकडे पाहिलं. त्याने मान हलवून हो म्हण असं खुणावलं. हो माझ्या ओठांवर आलं होतं, माय. आणि मला तू दिसलीस. पायऱ्यांवर बसली होतीस, पाटी शेजारी ठेवून, एखाद्या ओळखीच्या घरी बसावं तशी. माझ्याकडे पाहतही नव्हतीस, बांगड्यांचे जोड लावत होतीस.

मी लिहिणाऱ्याच्या हातातून कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. चारी बाजूंच्या सीमा वाचल्या, विहीर वाचली, वाडगं वाचलं, आणि मग कागदाची भाषा सोडून तिच्या भाषेत सांगितलं, "बाई, मांगच्या खोल्या, हीर, समदं जाते यात. अंगठा देला का तुमचं तठी काई राहत नाई." व्हरांड्यातले लोक वळून पाहायला लागले. मग तिने शाईचा अंगठा लुगड्याला पुसला. पांढऱ्या कपड्यावर काळा पट्टा उमटला. "मंग मले घरी जायाचं हाये," एवढंच म्हणाली आणि पायऱ्या उतरली. तू पाटी उचललीस आणि तिच्यासोबत चालायला लागलीस. थोरल्याने मला जे ऐकवायचं ते ऐकवलं, व्यापारी निघून गेला. मी घरी आलो तेव्हा तू भाकरी थापत होतीस. तू शाबासकी दिली नाहीस. "चाल, भूक लागली असन," म्हणालीस.

पुढचं वर्ष वाईट गेलं. कासारणीचा पोरगा ऐन वेळी सौदा मोडतो, ही बातमी मोंढ्यात पसरली आणि ठरलेली दोन घरंही माझ्या हातून गेली. मी हंगामापुरता जिनात कामाला लागलो. कापसाचे तंतू केसांत, भुवयांत, नाकात. तू फेऱ्या वाढवल्यास, उन्हात आणखी एक गाव जोडलंस आणि टाचांना पडलेल्या भेगांत मेण भरून झोपायचीस. मी एकदा वैतागून म्हणालो की हे सगळं तुझ्यामुळे झालं. चार दिवसांनी जुन्या लुगड्याचा दुहेरी कपडा शिवून एक पिशवी माझ्या हातात दिलीस. म्हणालीस, पुन्हा कागद घेऊन फिरशील तेव्हा ते चुरगळायला नकोत. मी पुन्हा कागद घेऊन फिरेन, हे तेव्हा तुझ्याशिवाय कुणालाही खरं वाटत नव्हतं.

काम परत आलं ते बायकांच्या निरोपातून. रोहिणखेडच्या एका म्हातारीला घर विकून लेकीकडे राहायला जायचं होतं. तिने मुलाला बजावलं होतं, त्या कासारणीच्या पोराले बलाव, तो वाचून दाखवते. ज्या नावाने मला लाज वाटायची तेच नाव माझ्या आधी गावोगाव जायला लागलं. तुझ्या पाटीबरोबरच ते गेलं असणार.

त्याच सुमारास मुलींच्या शाळेत नवीन बाई बदलून आल्या. लोणारकडच्या सुलतानपूरच्या, बौद्ध घरातल्या. त्यांना शाळेजवळ खोली हवी होती. मी तीन घरं दाखवली. तिन्ही ठिकाणी आधी हो झालं, आडनाव कळलं आणि मग घरात पाहुणे येणार असल्याचं निघालं. तिसऱ्या वेळी मीच खोटं बोललो, खोली कालच दुसऱ्याला गेली म्हणालो. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, कारण मी विचारत नाही, ते मला माहीत आहे. चौथं घर दाखवायला न्याल की नाही, तेवढं सांगा." मी मान खाली घालून घरी आलो आणि तुला सांगितलं. तू पदर खोचलास आणि सरळ त्या विधवेकडे गेलीस. सौदा मोडल्यावर पंचांनी वाटणी करून दिली होती आणि मागच्या दोन खोल्या, वाडगं आणि विहीर तिच्याकडे आली होती. तिने लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस विचार केला, मग बाईंना एकटंच भेटायला बोलावलं. दोघी आत बसल्या, आपण दोघं वाडग्यात. बाहेर येऊन तिने सांगितलं, खोली दिली. मी पाण्याचं विचारलं, कारण भासऱ्याकडची माणसंही त्याच विहिरीवर यायची. ती म्हणाली, "हीर माह्या वाटणीची हाये. दोर माहा, बादली तिची." भासऱ्याच्या घरच्यांनी काही महिने त्या विहिरीवर येणं सोडलं. पुढे उन्हाळा लागला, नळ आटला, आणि एका सकाळी ते मुकाट्याने घागर घेऊन आले.

बाई त्या खोलीत बरीच वर्षं राहिल्या. घरमालकिणीला त्यांनी सही शिकवली, मुलींना शिकवलं. थोरली पुढे नर्स झाली. धाकटीचं लग्न आईने घाईने लावून टाकलं, तेव्हा बाई कित्येक दिवस घरमालकिणीशी बोलल्या नाहीत. सगळंच काही नीट झालं असं नाही. पण त्यानंतर मी कुठलंही घर दाखवताना आधी आतल्या बाईकडे जायला लागलो. तिच्याकडे पाणी मागतो, चूल कुठे आहे ते पाहतो, हे घर जातंय हे तिला ठाऊक आहे का ते विचारतो. त्यापायी काही सौदे मोडले, काही लोक दुरावले. पण या गावात मला पाहून कुणाच्या घरचं मागचं दार बंद झालं नाही. लोक म्हणतात धंद्यात माझा हात चांगला आहे. तो हात कुणाचा ते मी आताशा सांगतो. तू असताना सांगायला हवं होतं.

हा कागद टपालात टाकायचा नाही. घडी करून ठेवीन, नाहीतर फाडीन. पण जे लिहायला बसलो होतो ते अजून राहिलंच आहे. स्टेशनच्या बाजूला नवीन वस्ती पडली तेव्हा मी तिथे आपलं घर बांधलं. तुझ्या गल्ल्या तिथून लांब पडल्या. वास्तूच्या दिवशी तुला टांग्यातून आणलं, सगळं घर फिरवून दाखवलं, आणि तू म्हणालीस, "चांगलं हाये." तीन वर्षं तू तिथे राहिलीस आणि तिथेच गेलीस. न विचारता नेलेल्या बायका तसंच म्हणतात, मी शेकडो घरांत ऐकलंय. त्या घराचा नकाशा मी गावातल्या चार शहाण्या माणसांना दाखवला होता. तुला स्वयंपाकघर कोणत्या बाजूला हवं, तेवढंसुद्धा विचारलं नव्हतं.