बाबांचा थेंब आणि तुंबलेली चिप

१० फेब्रुवारी २००२, रविवार

पुन्हा तुंबली! मेली चिप!

मलकपेठेत बाबांकडे गेले होते. बाबांनी आपणहून बोट पुढे केलं. आमच्या लॅबमध्ये टोचून घ्यायला कोणी तयार नसतं, आणि मला स्वतःला सुई लावायचा धीर होत नाही — पॅथॉलॉजिस्टची मुलगी म्हणे! म्हणून माझं ‘निरोगी रक्त’ म्हणजे बाबांचंच. चिप म्हणजे काचेवर चिकटवलेला पारदर्शक रबराचा तुकडा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. आत केसाहून बारीक वाट, वाटेत इवल्या खांबांची चाळणी. तांबड्या पेशी निसटून जायच्या, पांढऱ्या अडायच्या, अडलेल्या मोजायच्या. खेड्यातल्या दवाखान्यात एका थेंबावर रक्ताचा आजार कळावा, एवढीच हौस. पण इथे धडधाकट माणसाच्या थेंबानेच चाळणी गच्च!

बाबांच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली बघतो आम्ही. स्वतःची लॅब बंद केली तेव्हा तेवढी एकच वस्तू त्यांनी विकली नाही.

१३ फेब्रुवारी

बस हिमायतनगरवरून गेली. बाबांच्या लॅबच्या जागी आता काचेचं दार, एसी, संगणकावर छापलेले रिपोर्ट. लहानपणी शाळा सुटली की मी तिथेच. स्पिरिटचा वास, वाळत ठेवलेल्या स्लाइड्स, खालच्या हॉटेलातला इराणी चहा. बाबा मला स्टुलावर उभं करून दाखवायचे — ही जांभळी दिसते ना, ती पांढरी पेशी. जांभळीला पांढरी का म्हणायचं यावर मी भांडायचे, आणि पेशंट हसायचे. किती सुखाचे दिवस होते ते!

मग परदेशी मशिनं आली, डॉक्टर पेशंट तिकडे पाठवू लागले. एक दिवस बाबांनी पाटी उतरवली. ते रागावले नाहीत. मला मात्र अजून राग येतो.

१७ फेब्रुवारी, रविवार

तुंबली. बाबा मात्र खुशीत! चहा स्वतः करतात, उस्मानिया बिस्किटं आणून ठेवतात, मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतात. जुने दिवस परत आल्यासारखं वाटतं. आई असती तर दोघांनाही जेवायला हाका मारून दमली असती.

जरा वाळलेत. विचारलं तर म्हणाले, एकट्याचा स्वयंपाक, दुसरं काय.

२१ फेब्रुवारी

मंगळवारी कमिटी बसणार. चिप चालली नाही तर प्रोजेक्ट बंद! आमचे अप्पाराव सर म्हणतात, खांबांमधली जागा वाढव. काही पांढऱ्या पेशीही निसटतील, पण निदान रक्त वाहील. उद्या चिप ओतायच्या नव्या साच्याचं काम सांगायचं. मन लागत नाही.

२२ फेब्रुवारी

नवा साचा सांगण्याआधी जुनी चिप शेवटची म्हणून घेतली. बाबा जवळ नव्हते. डोळे मिटून स्वतःचंच बोट टोचलं.

सरसर गेलं! मोजक्या पेशी अडल्या, बाकी वाट मोकळी. शेजारच्या टेबलावरच्या वंदनाला पटवलं. तिचंही तसंच. चिप बदलली — तरी तसंच.

म्हणजे चिप कधीच चुकत नव्हती. बाबांच्या रक्तातच पांढऱ्या पेशी इतक्या आहेत. ताप नाही, खोकला नाही, आणि तरी इतक्या! रक्ताच्या कॅन्सरमध्ये असतात. बाबांना कोणत्या तोंडाने सांगू?

२४ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. सर चाळणी सैल कर म्हणतात, तेही. बाबांनी हातातला कप खाली ठेवला.

“मला दिवाळीपासून ठाऊक आहे, बेटा. तुझ्या चिपला कळतं का, तेवढं बघत होतो. चाळणी सैल करू नकोस.”