किल्ली गळ्यात होती

९ जानेवारी

सही केली नाही.

कंपनीचा माणूस सकाळीच आला. चहा घेतला, दोनदा "फार वाईट झालं" म्हणाला आणि कागद पुढे सरकवला. भरपाई लगेच मिळेल, फक्त इथे सही. मी वाचायला घेतला तर म्हणतो, "वाचण्यासारखं काही नाही हो वहिनी." वाचण्यासारखं नव्हतं तर लिहिलं कशाला?

चौथ्या ओळीत होतं — 'मृत कामगाराने सुरक्षेचे कुलूप न लावता यंत्रात प्रवेश केला. अपघात त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला, हे कुटुंबाला मान्य आहे.'

मान्य आहे! जो माणूस दाराला कडी घातल्यावर ती पुन्हा ओढून पाहायचा, गॅस बंद आहे का म्हणून अंथरुणातून उठायचा, मला वेड लागायची पाळी आणायचा — त्याचा निष्काळजीपणा आम्हाला मान्य आहे!

कागद परत दिला. भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, मध्ये पडले, "विचार करून सांगू म्हणा वहिनी." मी म्हटलं, विचार झालाय.

११ जानेवारी

घरात दोन पक्ष पडलेत. भावजी म्हणतात, दादा तर परत यायचा नाही, एवढ्या मोठ्या कंपनीशी कोण टक्कर घेणार, पोरीचं शिक्षण आहे. त्यात खोटं काही नाही. माझ्याकडे मुद्दे नाहीत, नुसता संताप आहे.

सासूबाईंना कमी ऐकू येतं. बराच वेळ सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "त्याची चूक होती असं लिहून मागतायत ना? मग नाही द्यायचं." हवं तेवढं बरोबर ऐकू येतं त्यांना.

लेक नंतर स्वयंपाकघरात आली. भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता — "आई, बाबांनी त्या दिवशी खरंच कुलूप लावलं नसेल तर?"

मी तिच्यावर ओरडले. ओरडले कारण हाच प्रश्न मलाही रोज पडतो. मी तिथे नव्हते. तीही नव्हती. भरपाई गेली खड्ड्यात, पण ही पोर आयुष्यभर बापाबद्दल हा संशय घेऊन फिरणार असेल तर ते मला चालणार नाही.

१६ जानेवारी

वकीलबाईंकडे गेले. मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने नाव सुचवलं. कामावर गेलेली जी माणसं परत येत नाहीत, त्यांच्या घरच्यांचे खटले त्या चालवतात. दोन जिने चढून खोली, खुर्च्यांवर फायली, म्हणून आम्ही दोघी खिडकीच्या कट्ट्यावर बसलो. बाईंचा चष्मा इतका वाकडा की माझं बोलण्यात लक्षच लागेना. शेवटी म्हटलं, द्या इकडे. काडी सरळ करून दिली. त्या म्हणाल्या, "चला, तुमची केस घ्यायलाच लागणार आता."

मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. हे पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात फिटर होते. मोठ्या यंत्रात पुठ्ठा अडकला की यंत्र बंद करायचं आणि आत शिरून तो काढायचा. आत शिरण्याआधी बाहेरच्या मुख्य बटणावर आपलं स्वतःचं लाल कुलूप घालायचं, म्हणजे दुसऱ्या कोणाला यंत्र सुरू करता येत नाही. त्या दिवशी हे आत असताना यंत्र सुरू झालं. कंपनी म्हणते, ह्यांचं कुलूप बटणावर नव्हतंच, ह्यांच्या खणात उघडं पडलं होतं. आता ते कुलूप कुठे आहे? "साफसफाईत गहाळ."

"रडायचं असेल तर रडून घ्या," बाई म्हणाल्या, "मला घाई नाही." नाही रडले. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांत ह्यांच्या कामाबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं.

२० जानेवारी

वकीलबाईंनी हॉस्पिटलातून मिळालेली पिशवी मागवली. मी ती कपाटात मागे ढकलून ठेवली होती. आज लेकीने उघडली. घड्याळ, पाकीट, रुमाल, गळ्यातली दोरी. दोरीला कारखान्याची किल्ली, नंबर ठोकलेली. आंघोळीलासुद्धा काढायचे नाहीत, मी चेष्टा करायचे — माझ्यापेक्षा तीच जवळची. रुमालाची घडी तशीच होती. मी तो परत पिशवीत घातला नाही.

२८ जानेवारी

भर दुकानात वकीलबाईंचा फोन! मी एका आजोबांचे डोळे तपासत होते. बाईंच्या बोलण्याचा धड पत्ता लागेना, इतक्या खुशीत होत्या. त्यांनी कारखान्यात वापरतात तसलंच लाल कुलूप विकत आणलं होतं आणि टेबलावर ठेवून, कोणाशी तरी फोनवर बोलताना, उगाच चाळा करत होत्या.

"किल्ली निघत नाही हो!"

"बिघडलेलं असेल," मी म्हटलं.

"बिघडलं नाही. मी दुकानदाराला जाऊन विचारलं. कुलूप उघडं असेपर्यंत किल्ली त्यातच अडकून राहते. कुलूप बंद करा, मगच ती बाहेर येते. मुद्दाम तशी बनवतात, कामगाराने विसरून उघडं सोडून जाऊ नये म्हणून."

मला समजायला जरा वेळ लागला. किल्ली ह्यांच्या गळ्यात होती. म्हणजे कुलूप बंद होतं. मग खणात उघडं कसं पडेल?

बाई म्हणाल्या, "ज्याने हे लिहिलं त्याने जन्मात कधी ते कुलूप हातात धरलेलं नाही. नुसतं 'खणात होतं' म्हणाला असता तरी निभावलं असतं. दिसायला बरं म्हणून 'उघडं' घातलं!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि हा शब्द कंपनीने अपघाताबद्दल लिहून दिलेल्या प्रत्येक कागदावर आहे.

"घरात सांगा," बाई म्हणाल्या, "बाहेर चकार शब्द नको."

आजोबा समोरची अक्षरं वाचत होते. सगळी चुकीची. मी म्हटलं, अगदी बरोबर. मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली.

लेकीला संध्याकाळी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कोर्टात ते काहीतरी दुसरं काढतील." मान वळवून अभ्यासाला बसली. वकील व्हायचे गुण आहेत.

१४ मार्च

पुढची तारीख.

२५ एप्रिल

पुढची तारीख. कंपनीच्या वकिलाला सर्दी झाली आहे. देव त्याला दीर्घायुष्य देवो, पण सर्दी नको.

१९ जून

कोर्टाच्या व्हरांड्यात कंपनीच्या वकिलाने भावजींना बाजूला घेतलं. पुरुष माणूस, समजूतदार दिसतोय, असं वाटलं असणार. आकडा वाढवायला तयार आहेत म्हणे, फक्त ते एक वाक्य तसंच राहील. मी लांबून बघत होते. भावजींनी आता नुसती होकाराची मान हलवली असती तरी घरात पुन्हा दोन पक्ष पडले असते.

भावजी म्हणाले, "आकडा नका सांगू, वाक्य काढा." तो म्हणाला, वाक्य निघणार नाही. त्यावर भावजी, ज्यांनी हॉटेलात गार चहा आला तरी आजवर कोणाला बोल लावला नाही ते भावजी, चांगले मोठ्याने म्हणाले, "मग तुमचा आकडा घाला चुलीत. माझा भाऊ काय वेडा होता?"

घरी येताना आम्ही दोघंच. मध्येच म्हणाले, "जरा जास्तच बोललो का वहिनी?" मी म्हटलं, कमीच बोललात.

७ ऑगस्ट

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

साक्षीला सुपरवायझर होता. हे त्याला घड्याळसाहेब म्हणायचे, कारण बोलताना नजर माणसाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त. वकीलबाईंनी त्याला असं काही गोडीत घेतलं की मला वाटलं, ह्या नेमक्या कोणाच्या बाजूच्या?

"तुमच्या कारखान्यातली सुरक्षा फार चांगली आहे म्हणे."

साहेब खुलले. प्रत्येक फिटरला स्वतःचं कुलूप. त्याची एकच किल्ली, दुसरी ऑफिसातसुद्धा नाही.

"आणि एखादा किल्ली खिशात टाकून कुलूप उघडंच सोडून गेला तर?"

"जमणारच नाही मॅडम. उघड्या कुलपातून किल्ली निघतच नाही. बंद केलं तरच निघते."

"वा," बाई म्हणाल्या आणि दोरीसकट किल्ली त्याच्यापुढे धरली. "ही कोणाची?"

त्याने नंबर पाहिला. ह्यांचं नाव घेतलं.

"हॉस्पिटलच्या नोंदीप्रमाणे ही त्यांच्या गळ्यात होती. तुमच्या कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे कुलूप खणात उघडं होतं. आता मला समजावून सांगा, हे जमलं कसं?"

कंपनीचा वकील टुणकन उठला. न्यायाधीश म्हणाले, "बसा. मलाही हे ऐकायचं आहे."

घड्याळसाहेबांनी मनगटाकडे पाहिलं नाही. किल्लीकडेच बघत राहिले. त्यांना खोटं बोलता आलं असतं. मी त्यांच्या जागी असते तर बोलले असते की नाही, सांगता येत नाही.

"कुलूप खणात नव्हतं," ते म्हणाले. "बटणावर होतं. मी कापलं."

बाहेर गाड्या भरायला उभ्या होत्या, यंत्र सुरू करायचं होतं. हाक मारली, शेजारच्या यंत्रांच्या आवाजात उत्तर ऐकू आलं नाही. वाटलं, कुलूप तसंच ठेवून फिटर जेवायला गेला, म्हणून लोखंड कापायची कात्री आणली.

मला त्यांच्या नरडीला हात घालावासा वाटला. आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की काय सांगू! लाज वाटते लिहायला, पण झाला. लेकीने माझं मनगट धरलं होतं, अजून वळ आहे. "लावलं होतं," ती म्हणाली. "आई, लावलं होतं त्यांनी." ह्यांच्यानंतर ती आज पहिल्यांदा रडली, आणि मी तिला गप्प केलं नाही.

८ ऑगस्ट

दुकानात तीन चष्मे चुकीच्या पाकिटांत घातले. मालकांनी स्वतःच ते बदलून ठेवले. एकूण दिवस फार छान.

१७ नोव्हेंबर

जिंकलो!

कंपनीने शेवटपर्यंत पाय आपटले. आधी म्हणत होते चूक फिटरची. आता म्हणे सुपरवायझरची, त्याने ते मनाने केलं, आम्ही त्याला कामावरून काढलंय, आमचा काय संबंध? न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कारखाना तुमचा, कात्री तुमची, घाई तुमची. भरपाई कंपनीनेच द्यायची, आणि कोणतीही अट न घालता.

मग ते वाक्य आलं. मी पाठ केलंय — 'मृत कामगाराने आपल्याकडून पूर्ण काळजी घेतली होती. अपघातात त्याचा कोणताही दोष नाही.'

व्हरांड्यात आलो. सासूबाई माझा दंड धरून, "काय म्हणाले? काय म्हणाले गं?" मी कानाशी सांगितलं. "ऐकू नाही आलं." पुन्हा सांगितलं. "अगं, मोठ्याने सांग की."

तेव्हा मी ओरडले. "त्यांची काही चूक नव्हती!" अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. वकील, शिपाई, भांडायला आलेले, भांडून निघालेले, सगळे. कंपनीचा वकील फायली गोळा करत होता, त्याने खाली बघितलं.

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं मला," सासूबाई म्हणाल्या. "पण ह्या सगळ्यांना कुठे आलं होतं?"

धन्य ती बाई! भावजींना हसू आवरेना, हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभे राहिले ते बराच वेळ वळले नाहीत. वकीलबाईंचा चष्मा पुन्हा वाकडा झाला होता. मी म्हटलं, द्या. त्या म्हणाल्या, राहू दे, आज मला सगळं सरळच दिसतंय.

१८ नोव्हेंबर

झोपले. खूप झोपले.

२ डिसेंबर

दुकान आवरत असताना एक बाई आत आली. म्हटलं, नंबर तपासायचाय का? ती म्हणाली, "नाही. मी घड्याळसाहेबांची बायको. कारखान्यातले त्यांना तसंच म्हणायचे ना?" मग तिने सांगितलं. कंपनीने त्यांच्यावर एकट्यावर गुन्हा दाखल केलाय. कुलूप काप असं वरून सांगितलं होतं, पण आता वरचं कोणी ओळख द्यायला तयार नाही. कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. कागद आणला होता. 'सगळी चूक माझी एकट्याची, हे मान्य आहे.' सही केली तर पोरांना काहीतरी मिळेल.

घड्याळसाहेबांना मी माफ केलेलं नाही. करीन असं वाटतही नाही.

"सही केली त्यांनी?" मी विचारलं. नाही म्हणाली. मी दुकानाचं शटर ओढलं आणि तिला घेऊन वकीलबाईंचे जिने चढले.