गाण्यातली रिकामी जागा

बाबा, तुमच्या त्या गाण्यात एका नावापुरती जागा रिकामी होती. बाकी सगळं गाणं पक्कं. चाल पक्की, ढोलकीचा ठेका पक्का, मागे झील धरणाऱ्यांनी ओळ कुठे उचलायची तेही पक्कं. फक्त नाव तेवढं गावागावाला बदलायचं. भाऊबीज आटोपली की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे, गावोगावच्या जत्रेचे दिवस लागायचे आणि तुमचा खडी गंमतीचा फड, ढोलकीवाला, बाईचं सोंग घेतलेला नाच्या आणि झीलकरी असा सगळा संच, आज या गावी तर उद्या त्या गावी. गावात पोचलात की तुम्ही आधी चहाच्या टपरीवर बसायचे. तिथल्या पोरांना हसत हसत विचारायचे, "काय गा, तुमच्या गावात नखरेवाली कोन?" पोरं एकमेकांना ढोसायची, लाजल्यासारखं करायची, आणि शेवटी कुणीतरी एक नाव सांगायचं. मग गावासमोर उभं राहून तुम्ही गायचे, "आली आली अमकी, पाटावरून ठुमकत, अर्धं गाव मांगं तिच्या, अर्धं बसलं हुंगत." अमकीच्या जागी तिचं नाव. पुढच्या ओळी तुम्हाला पाठ आहेत. त्या मी माझ्या हाताने लिहिणार नाही.

मी भजनातला माणूस, तुमच्या संचात कधी आलो नाही. त्याचं तुम्हाला वाईट वाटायचं. चार माणसांत म्हणायचे, "आमचा पोरगा टाळ कुटते. देवाले दुपारची झोपसुद्धा घेऊ देत नाई." मीही हसायचो. तुमचं गाणं कच्चं होतं असं मी कधी म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. गावात टीव्ही आले, वडशाच्या कंपन्यांची नाटकं मोठ्या मंडपात लागू लागली, तरी लोक तुमच्यासाठी थंडीत घोंगडी पांघरून बसत होते. दिवसा तलावात जाळं टाकणारा माणूस संध्याकाळी फेटा बांधून उभा राहिला की ओळखू येत नसे. ते सगळं खरं. पण आज मला त्या फेट्याविषयी लिहायचं नाही.

नदीकाठच्या त्या गावची सकाळ तुम्हाला आठवते का? मायला ताप भरला म्हणून मी सायकलने तुम्हाला बोलवायला आलो होतो. मॅटॅडोरमध्ये पेट्या चढवून राहिले आहेत, नाच्या तोंडावरचा रंग पुसतो आहे आणि तुम्ही शेकोटीजवळ बसून चहा पिता आहात. तेवढ्यात एक बाई येते. अंगावर कामाचं लुगडं, हाताला शेण लागलेलं. ती ओरडत नाही. म्हणते, "शायर, माझ्या पोरीले पाहाले आज पाहुणे येनार होते. सकायीच निरोप आला, येत नाई म्हने." तुम्ही हसून म्हणता, "बाई, गंमत हाय ते. गंमत गंमतीसारखीच घ्या." ती म्हणते, "तुमी तं गाडीत बसून चालले. तिचं नाव इथीच राहून राह्यलं." तुम्ही स्टेजवर मिळालेला नारळ काढून तिच्या हातात दिलात. देताना तुमची मान खाली नव्हती, मी पाहत होतो. तिने तो नारळ मॅटॅडोरच्या बोनेटवर ठेवला आणि निघून गेली. गाडी हलली तेव्हा तो खाली पडला आणि ढोलकीवाला म्हणाला, "घ्या, देवानंच फोडला." सगळे हसले. तुम्हीही.

आणि दुसरी आठवण आपल्या चुलीजवळची. तुम्ही मंडईहून आलात की माय भात वाढताना दर वेळी विचारायची, "या खेपी कोन होती?" तुम्ही नाव सांगायचे, गावाचं नाव सांगायचे, पोरं कशी लोळून हसली ते सांगायचे. मला वाटायचं तिलाही गंमत वाटते. मग एकदा ती मासे साफ करता करता, वर न पाहता म्हणाली, "एकडाव माझं नाव टाकून पाहा ना त्यात. आपल्याच मंडईत." तुम्ही ताट सरकवलं. "घरच्या बाईचं नाव चव्हाट्यावर नेऊ काय? भान हाय का तुले?" माय म्हणाली, "मले हाय." तेवढंच. तुम्ही न जेवता उठलात.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, बाबा. मला राग याचाच आहे. न कळून केलं असतं तर मी देवापुढे हात जोडून म्हटलं असतं, माणूस होता, चुकला. पण नावाला काय लागतं ते तुम्हाला नीट ठाऊक होतं. म्हणून आपल्या गावात तुम्ही कधी खरं नाव घेतलं नाही, बनवलेलं घ्यायचे आणि म्हणायचे, गावच्या लेकी सगळ्या आपल्या. मग त्या नदीकाठच्या बाईची लेक कोणाची होती?

माझी पोरगी झाली तेव्हा त्या मोसमाच्या बिदागीतून तुम्ही तिच्या पायात चांदीचे वाळे घातले. तिला मांडीवर घेऊन बोटांनी तिच्या पाठीवर हळू ठेका धरायचे आणि ती झोपायची. तुम्ही गेलात तेव्हा ती अंगणवाडीत जात होती. तुमचा चेहरा तिला फोटोतला माहीत आहे, आवाज मुळीच नाही. आता ती बारावीला आहे, सायन्सला. एसटीने रोज वडशाला जाते. तिला नर्स व्हायचं आहे. आपल्या घरातून बारावीपर्यंत गेलेली ती पहिली.

यंदा दसऱ्यानंतर एक दिवस ती घरी आली, दप्तर खुंटीला टांगलं आणि म्हणाली, "उद्यापासून मी कॉलेजले नाई जात." कारण सांगेना. मायने तिला जवळ घेऊन काढून घेतलं. पोरांच्या हातात आता मोबाइल आले आहेत, नखाएवढ्या कार्डात शेकडो गाणी मावतात. गावातल्या चार पोरांनी शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून एक गाणं बनवलं होतं. हे गाणं गात नाहीत, भराभर बोलतात, बोलण्यालाच ठेका असतो. त्याला रॅप म्हणतात असं माझ्या पुतण्याने मला सांगितलं. त्यात माझ्या पोरीचं नाव होतं, तिच्या ओढणीविषयी, चालीविषयी, तिला कोणी आणि कसं सरळ करावं याविषयी होतं. बसमध्ये ते लावायचे आणि नाव आलं की सगळी बस तिच्याकडे पाहून हसायची.

पुतण्याने ते आम्हाला ऐकवलं. माय सुपात तांदूळ निवडत होती. आधी नुसती ढोलकी वाजली, मग एक आवाज आला, "आली आली". मायचे हात थांबले. "हे तं तुझे बाबा हायेत," ती म्हणाली. तुमच्या शिष्याकडे एका मंडईची जुनी कॅसेट होती, पोरांनी ती मागून नेली आणि पुढे हरवली. पहिले दोन शब्द तुमचे, खणखणीत. मग तुमचा आवाज कापलेला आणि त्या जागी त्या पोराच्या तोंडून तुमच्या नातीचं नाव. ज्या जागेत तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकी बसवल्या तिथेच.

मी पानठेल्यावर गेलो. गाणं बोलणाऱ्या त्या पोराला मी ओळखतो, त्याचा बाप माझ्यासोबत शाळेत होता. तो उठून उभा राहिला, सिगारेट मागे लपवली, इतका मान त्याने दिला. म्हणाला, "काका, बुरा नका मानू. गाणं तं तुमच्याच घरचं हाय. आमी फक्त बीट टाकला."

"नाव कोनाचं टाकलं ते पाहालं काय?"

"नाव चालीत बसलं पाह्यजे ना काका. तिचं बरोबर बसलं."

मी म्हटलं, पुसून टाक. तो म्हणाला, "मी पुसलं तरी काय होते? आरमोरीपर्यंत गेलं ते." त्याला कुठेतरी त्याचा अभिमानही होता. मी हात उचलला नाही. पण देवाचं नाव घ्यायचंही त्या वेळी सुचलं नाही.

मग गावातली वडीलधारी माणसं बसली. कोणी म्हणालं, टीव्हीनं बिघडवलं. कोणी म्हणालं, हे परदेशातून आलं. पोरांकडून दंड घ्यावा आणि पोरीला थोडे दिवस घरी ठेवावं, असं ठरत आलं. मी विचारलं, तिला काऊन घरी ठेवायचं? तेव्हा तुमचा एक जुना दोस्त हसून म्हणाला, "आता तुह्या बापानंच रचलं गा, पोट्ट्याईले का म्हनतोस?" आणि सगळे हसले. राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता. परदेशातून आलं म्हणे. मला तर ते चहाच्या टपरीवरून आल्यासारखं वाटलं.

घरी पोरगी चुलीजवळ बसून होती. तिने आजीला विचारलं, "आजोबाच्या गान्यात माझ्याआधी कोन कोन होती?" आणि बाबा, माय सांगू लागली. गाव आणि नाव, गाव आणि नाव. एकही विसरली नव्हती. तुम्हाला ती का विचारायची हे मला त्या दिवशी कळलं. कोणीतरी त्यांना लक्षात ठेवावं म्हणून विचारायची. नदीकाठच्या त्या पोरीचं नाव आलं तेव्हा मी उठून अंगणात गेलो. पोरगी मात्र शेवटपर्यंत ऐकत बसली.

दिवाळीला तुमचा शिष्य आला. रीत अजून चालू आहे, मोसमाच्या आधी संचाने शायराच्या घरी नारळ आणि दुपट्टा घेऊन यायचं, घरच्यांकडून गाणी मागून न्यायची. आजवर मी नारळ घेत होतो आणि "न्या" म्हणत होतो. या वेळी म्हटलं, बाकी सगळी न्या, ते एक नाही. पोरांच्या त्या गाण्यात नाव कोणाचं आहे ते त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "तुही पोरगी? अरेरे. मंग चुकलं गा पोट्ट्याईचं."

"अन् दुसऱ्याची असती तं?"

तो नारळ हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "भाऊ, पब्लिक तेच मांगते. मी नाव काढून टाकतो. नुसतं पोरी म्हनतो. मंग तं झालं?" मला क्षणभर वाटलं, झालं. दारातून माय म्हणाली, "हुंगनारे तं तेच राहाते ना रे बापू?" तो चहा न घेता नारळ पिशवीत घालून गेला. आता लोक म्हणतात, बापाच्या गाण्याले पोरानं कुलूप लावलं. म्हणू देत. कुलूप एका संचाला लागलं, कार्डांना लागत नाही, हे मलाही कळतं. तुम्हीच म्हणायचे की शायर कितीही चांगला असला तरी मागे झील उचलली नाही तर गाणं जमिनीवर पडतं. आता सगळी बसच झील धरते. तिला कोण गप्प करणार?

सुट्ट्या संपल्या तेव्हा मी पोरीला म्हटलं, मी येतो सोबत बसने. ती म्हणाली, "तुमी आले तं त्यांना वाटन मी भेली. मी पोरीईसोबतच जाईन." आणि गेली. संध्याकाळी आली ती मायजवळ बसून सांगू लागली. बस फाट्यावर आली तसं त्या पोराने गाणं लावलं. तुमचं "आली आली" झालं आणि तिचं नाव यायच्या आत या पाच-सहा जणींनी मिळून त्या पोराचंच नाव ओरडून टाकलं. बस फुटल्यासारखी हसली, कंडक्टरसुद्धा. माय टाळी वाजवून म्हणाली, "वा गं माझी वाघीन!" पण पोरगी हसत नव्हती.

"पहिले लय बरं वाटलं आजी. मंग समोर त्याची माय दिसली. वांगे घेऊन बाजारले चालली होती. तिनं मान खाली टाकली. तिनं काय केलं होतं?"

"मंग?"

"त्यानं सोताच बंद केलं. मी उठून तिच्याजवळ जाऊन बसली."

"काय बोलली ते?"

"काहीच नाई. उतरताना टोपली धरू लागली मी."

दुसऱ्या दिवसापासून त्या बसमध्ये ते गाणं लागलं नाही. दुसरीकडे लागतं. परवा बाजारात एका ऑटोत ऐकलं, मी थांबून ड्रायव्हरला सांगितलं ही माझी मुलगी आहे. त्याने बंद केलं. मग मी म्हटलं, माझी नसती तरी बंद कर. त्याने ऑटो पुढे काढला. हे असं एकेका ऑटोवाल्याला किती दिवस सांगायचं ते मला माहीत नाही. पण पोरगी रोज जाते आणि रोज येते. कॉलेज सोडायचं ती पुन्हा बोललेली नाही.

माझा राग मात्र उतरला नाही. संध्याकाळी दिवा लावून पितरांचं नाव घेतो तेव्हा तुमच्या नावाशी जीभ अडते. सणाला तुमच्या नावाने पान वाढलं तेव्हा मनात होतं, त्या सगळ्या बायांपैकी एकीच्या तरी दारात जाऊन तुम्ही उभं राहायला हवं होतं. तुम्ही नाही गेलात. मला जावं लागेल असं माय म्हणते, निदान नदीकाठच्या त्या बाईच्या दारी. मी अजून गेलेलो नाही, पण जाईन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. घरात सगळ्यांसमोर मी पुतण्याला ते गाणं पुसायला लावलं. पण त्याआधी एक प्रत माझ्या फोनमध्ये घेतली होती. तुमचा आवाज दुसरा कुठे उरलेला नाही. दुपारी तलावाच्या पाळीवर एकटा बसलो की मी ते लावतो, पहिले दोन शब्द ऐकतो आणि पोरीचं नाव यायच्या आत अंगठ्याने दाबून बंद करतो. हे तिला सांगितलेलं नाही.