घरातली दूधबंदी

४ फेब्रुवारी
दह्याचं मडकं फोडलं माह्या नवऱ्यानं, किशोरनं — लाथेनं! अर्धं दही भिंतीवर, अर्धं माह्या साडीवर.

मागच्या महिन्यात मामाजीले, माह्या सासऱ्याले, हार्टचा झटका आला. अमरावतीच्या डॉक्टरनं कोलेस्टेरॉलची गोळी देली, रोज घ्याची. आता अकोल्याच्या नणंदेनं मोबाइलवर काहीबाही पाठोलं — दूध अन् ही गोळी पोटात एक झाली की जहर होते. झालं! किशोरनं घरातलं दूधच बंद केलं. म्हैस दारात अन् चहा कोरा. डॉक्टरले फोन लावून विचारा म्हटलं, त मले म्हणे, "जास्तच शिकली काय तू?"

९ फेब्रुवारी
मामाजीले वाटीभर ताक देलं म्हणून नवऱ्यानं थोबाडीत मारली. भर जेवणात. कान अजून वाजून राहिला. मामाजीनं चरवी फेकून मारली त्याले, भुवई फुटली. "सुनेवर हात टाकतं काबे?" त तो रक्त पुसत बापाच्याच अंगावर गेला, गचांडी धरली! मी मधात पडली म्हणून मामाजी वाचले. हात झडो त्याचा. लिहिलं, खोडत नाही.

१० फेब्रुवारी
कोरा चहा. ज्यानं त्यानं आपापला कप उचलून नेला.

१७ फेब्रुवारी
मामाजी एकदम शांत! म्हशीची सरकीची ढेप आता स्वतःच भिजवतात, बादलीले मले हात लावू देत नाहीत. धार काढता काढता गोठ्यातच दूध पितात — मिशीले फेस दिसते. मी किशोरले सांगत नाही. गोळ्यायचं पाकीट त सरून राहिलं, म्हणजे गोळी घेऊन राहिले. मंग पिऊ दे.

२२ फेब्रुवारी
आज किशोरनं पाहिलं. काठी घेतली अन् म्हशीलेच झोडपलं, मुक्या जनावराले! पाठीवर वळ उठले. मामाजी आडवे आले, एक त्यायच्या खांद्यावर बसली. तरी हासून म्हणे, "जहर कायचं होईन बे? गोळी मी खातच नाही. ढेपीत टाकतो. म्हैस खाते, थे दुधात उतरते. सरकी चारली की लोणी वाढते का नाही?"

किशोरनं काठी फेकून देली. उद्या अमरावतीले नेतो म्हणे.

२३ फेब्रुवारी
अमरावतीच्या वाटेवर, वलगावच्या अलीकडंच गेले मामाजी. गाडीत, माह्या मांडीवर.

गोळी काहून बंद केली, दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं. किशोर म्हणे, दूध चालत नाही ना. "कोनं सांगितलं? साय-तूप कमी करा म्हटलं होतं मी. दुधानं या गोळीले काही होत नाही."

२५ फेब्रुवारी
राख सावडली. महाराज म्हणे, दूध शिंपडा. किशोरनं शिंपडलं, त्याच म्हशीचं.