अकरा कमानी

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पोहोचलो एकदाचे! खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आमचे हे पुटपुटत पायऱ्या मोजत चढले. "गुडघ्याला सवय लावतोय," म्हणे.

एकतीस वर्षं ह्यांनी शाळेत इतिहास शिकवला, दरवर्षी ह्याच शहराचा नकाशा खडूनं फळ्यावर काढला — चार वेशी, मधोमध मनोरा — आणि पाऊल आज टाकलं. उशीर माझ्यामुळे. आधी मुलीचं लग्न, मग तिचं बाळंतपण, मग माझं ऑपरेशन. "पुढच्या वर्षी नक्की!" असं वीस वर्षं म्हणत आले.

मागच्या महिन्यात ह्यांच्या डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "दोनेक महिने नजर टिकेल. काय बघायचं ते बघून घ्या." त्याच संध्याकाळी तिकिटं काढली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दिवसभर पायपीट. माझ्या खांद्यावर हात ठेवून मास्तर सुरू! "डावीकडे बघ, वेशीवरचे सिंह. एकाचा कान तुटलाय." खरंच तुटलेला! वाटाड्या आ वासून ऐकत राहिला. मी आपली हो ला हो करत होते.

"नुसती मान डोलावू नकोस," म्हणाले. वर्गात हे मुद्दाम एखादा आकडा चुकीचा सांगायचे, कोण खरंच लक्ष देतंय ते पकडायला. मी म्हटलं, "मला नापास करा, पण आधी कुठंतरी बसू द्या."

हसले. किती दिवसांनी! खोलीवर आल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं. महिना-दोन महिन्यांनी ह्यांना यातलं काही दिसणार नाही. माझा चेहराही नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मोठ्या चौकात गेलो. ह्यांनी मान वर केली. "बघ! काय डौल आहे! मधल्या मजल्यावर अकरा कमानी. मोज."

मनोरा वरपासून खालपर्यंत हिरव्या कापडात गुंडाळलेला. दुरुस्ती चालू आहे. एक वीटसुद्धा दिसत नाही.

ह्यांच्याकडे पाहिलं. चेहरा इतका खुललेला! मी मोजल्यासारखं केलं आणि म्हटलं, "हो, अकरा."

म्हणजे पायऱ्या मोजणं, खांद्यावरचा हात... आणि सिंहाचा कान? तो पाठ होता! कधीपासून दिसत नाहीये ह्यांना? विचारायचं धाडस होत नाही. माझाच राग येतोय. वीस वर्षं! एक वर्ष जरी आधी आणलं असतं! रात्री जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

स्टेशनवर बाकावर बसलो होतो. हे हळूच म्हणाले, "अगं, कमानी नऊच आहेत. काल वर काहीतरी फडफडताना ऐकू आलं, म्हणून मी मुद्दाम अकरा म्हणालो. काय झालंय मनोऱ्याला?"

सांगितलं. कापड, दुरुस्ती, सगळं.

"गेल्या आठवड्यात दिसायचं बंद झालं, त्याच दिवशी सांगणार होतो. तू बॅगा भरत होतीस, इतकी खूश होतीस, जीभच रेटेना."

गाडी फलाटाला लागली तेव्हा बोलले —

"म्हणजे दोघांनीही नाही पाहिला."